जोडीचा ठोकळा

"एकट्या तुळईचा आकडा कधी वाचू नका, काकी. जोडीच्या ठोकळ्याचाही वाचा, आणि मगच घाबरा."

पेनिअमिनाचं हे बोलणं रोज पहाटे माझ्या कानात असतं. प्रार्थना झाल्याशिवाय मी तोंडात पाणी घेत नाही, आणि आकडे वहीत उतरवल्याशिवाय प्रार्थना पुरी झाली असं मला वाटत नाही. वादळात आमच्या बेटावरच्या चर्चचा सज्जा पडला, तेव्हा या इंजिनीअर पोरानं सज्ज्याखाली नवी तुळई ओतली ती काळ्या सिमेंटची. त्यात कोळशासारखी बारीक पूड कालवलेली, म्हणून त्यातून वीज झिरपते. आतून तडा जाऊ लागला की विजेची वाट अवघड होते आणि वेदीमागच्या खोलीतल्या पेटीवर आकडा चढतो. पण सिमेंट नुसतं सुकलं तरी आकडा चढतोच. म्हणून त्याच सिमेंटचा एक बिनभाराचा ठोकळा बाहेर वळचणीखाली ठेवलेला, त्यालाही तार. दोन्ही आकडे मिळून चढले तर हवा. एकट्या तुळईचा चढला तर तुळई.

"फरक आठाच्या वर गेला तर सज्ज्यात कुणाला चढू द्यायचं नाही. पाळकसाहेब म्हणाले तरी," तो म्हणाला होता. "शपथ घ्या."

"मी शपथ घेत नाही, बाळा. हो म्हणते."

सोमवारी सकाळी धरणी हलली. फार नाही, भांडी वाजली इतकंच. मंगळवारपासून तुळईचा आकडा चढू लागला. पण ठोकळ्याचाही जवळजवळ तितकाच चढत होता. शनिवारी पहाटे तुळई एकोणीसनं वर, ठोकळा सतरानं. फरक दोन. मी देवाचे आभार मानले, तरी एक शंका जाईना. आठवडाभर पाऊस लागलेला, मग ठोकळा सुकतोय कसा? पाळकसाहेबांना विचारलं तर ते हसले. "आकेनेसे, तुझ्या श्रद्धेला आता यंत्र लागतं का?" मी वही मिटली.

दुसऱ्या दिवशी पांढरा रविवार, म्हणजे चर्चमधला मुलांचा सण होता. त्या शनिवारी संध्याकाळी मी नातीची, मेलेची, वेणी घालत होते. सांजेची 'सा', म्हणजे घरोघरची प्रार्थनेची वेळ, झाली की चौतीस मुलं तालमीसाठी सज्ज्यात चढणार होती.

"आजी, मी पहिल्या रांगेत आहे, कठड्याला लागून!"

"कठड्याला कशाला? तुझे पडलेले दात साऱ्या गावाला दिसावेत म्हणून?" माझी नणंद सालोमे म्हणाली. ती गावच्या महिला समितीची मुख्य. "वहिनी, कंबर मोडली गं. शंभर नारळ किसले. तुझा ठोकळा होता म्हणून निभावलं."

"कोणता ठोकळा, वन्सं?"

"तोच, तुझा तारवाला लाडका. सोमवारी दुपारी आमची स्वच्छतेची फेरी होती ना? चर्चच्याच वळचणीखाली असा धोंडा पडलेला, मग दुसऱ्यांच्या अंगणाला आम्ही कोणत्या तोंडानं नावं ठेवायची? उचलला आणि मागच्या स्वयंपाकाच्या छपरात नेला. तार पुरली हो, तोडली नाही. भट्टीशेजारी बसायला झकास आहे. ढुंगण शेकतं!"

मेले खुदकन हसली. माझ्या हातातली वेणी सुटली.

भट्टी पाच दिवस पेटलेली होती. ठोकळा तिच्या धगीनं सुकत होता, आणि त्याच्या आकड्यावर विसंबून मी रोज वहीत 'ठीक' लिहीत होते. या दमट हवेत तुळई सुकणं शक्यच नव्हतं. म्हणजे ते एकोणीस सगळे तिच्या तड्याचे.

"वन्सं, मुलांना चढू देऊ नका. तुळई फाटतेय."

"आज पहाटे तूच म्हणालीस ना, बरं आहे म्हणून?"

"चुकले मी."

तेवढ्यात शंख वाजला. घरोघरी माणसं खाली बसली. सा संपेपर्यंत रस्त्यावर पाऊल टाकायचं नाही, फोनलाही कुणी हात लावत नाही.

"बस खाली," सालोमे कुजबुजली. "नंतर सांग त्यांना."

"सा संपल्याचा दुसरा शंख झाला की पोरं जिन्याकडे पळतात. माझे गुडघे त्यांच्याआधी पोचतील?"

"अगं, पण तू? चाळीस वर्षांत एक सा मोडली नाहीस! वाटेवरची पहाऱ्याची पोरं अडवतील. गावापुढे उभी करतील तुला."

भीती वाटत होती. गावाची, पाळकसाहेबांची, आणि खरं सांगायचं तर देवाचीसुद्धा. पण डोळ्यांपुढे कठडा येत होता, आणि कठड्याला लागून उभी असलेली मेले.

"मी बोलावल्याशिवाय इथून हलायचं नाही," मी तिला म्हटलं. सालोमेनं स्तोत्र धरलं. तिनं मला पुन्हा बस म्हटलं नाही.

आजची प्रार्थना चालता चालता करते, असं मी देवाला मनातच सांगितलं. चपला हातात घेतल्या. ओट्यावरून उतरले. वाटेच्या टोकाला दांडे घेतलेली दोन पोरं वळून माझ्याकडे बघू लागली. मी चर्चच्या दिशेनं चालू लागले.