भिंगरीचा तिसरा हिस्सा

भिंगरीच्या आईने ते वाक्य चार दिवस घोकलं होतं. हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या लाँड्रीत ती इस्त्रीच्या रोलरवर उभी असे. ओलसर चादरीची दोन टोकं तिने धरायची, दोन पलीकडच्या बाईने, आणि चादर त्या तापलेल्या रोलरमध्ये सारायची. दिवसाला चारशे चादरी. प्रत्येक चादरीबरोबर ती मनात म्हणायची, "हे बघ, आता तू कमावती झालीस, तर घरखर्चाला..." आणि तिथेच गाडी अडायची. पोटच्या पोरीकडे राहण्या-जेवणाचे पैसे मागायचे! पण न मागून भागणारही नव्हतं. भिंगरीचा बाप तीन वर्षांपूर्वी दुसऱ्या गावी, दुसऱ्या घरात राहायला गेला होता. त्याच्याबद्दल इतकंच पुरे. जास्त जागा दिली तर तो गोष्टीतही पाय पसरून बसेल आणि भाडं देणार नाही.

भिंगरी तेव्हा सतरा वर्षांची होती. चालायला लागल्यापासून एका जागी बसली नाही म्हणून तिला घरात हे नाव पडलं, ते पडलंच. शाळा संपवून ती चष्म्याच्या दुकानात लागली होती, मागच्या खोलीत, काचा घासून फ्रेममध्ये बसवायच्या कामावर. पहिला पगार झाला त्या संध्याकाळी आईने तिच्याकडे पाठ करून, गॅसकडे बघत, ते वाक्य एकदाचं बोलून टाकलं.

"किती?" भिंगरीने विचारलं.

"पगाराचा तिसरा हिस्सा. जमेल का तुला?"

"न जमायला काय झालं!" म्हणून तिने तिथेच पाकीट उघडलं आणि नोटा आईच्या ओल्या हातावर ठेवल्या. झालं. चार दिवस आईने रडण्यावरची उत्तरं तयार ठेवली होती, भांडणावरची ठेवली होती, ती सगळी वाया गेली.

त्या दिवसापासून मात्र पोरीचा रुबाब बघण्यासारखा झाला. घरात माणसं दोन, तरी ती दारातून ओरडायची, "बाथरूमचा दिवा कोणी चालू ठेवला?" गीझर पाच मिनिटांच्या वर चालू दिसला की हिच्या कपाळाला आठ्या. नळ गळायला लागला तर आईच्या आधी हीच पाना घेऊन मोरीत बसायची. आई कुरकुरायची, "सासू कमी होती, ती आता पोटी आली." पण ते वरवर. आतून तिला बरं वाटायचं, आणि बरं वाटतं याची लाजही वाटायची. लेकीच्या पैशावर घर चालतंय ही गोष्ट तिने कोणाजवळ बोलून दाखवली नव्हती. लाँड्रीत नाही, शेजारी नाही, आणि भावाजवळ तर मुळीच नाही.

हा भाऊ म्हणजे भिंगरीचा मामा. त्याचं सलून होतं. दिवसभर लोकांच्या मानेवर वस्तरा आणि कानात गप्पा, त्यामुळे त्याच्याकडे शहाणपणाचा साठा कायम भरलेला असायचा आणि तो फुकट वाटायची त्याला हौस होती. भिंगरीला अठरा पूर्ण झाली त्या दिवशी तो केक घेऊन आला. केकचा दुसरा तुकडा तोंडात असतानाच त्याला कुठूनसं कळलं की भाची घरात पैसे देते. कळलं कसलं, भिंगरीनेच फुशारकीने सांगितलं.

आई मनात म्हणाली, आता दादा म्हणणार, पोरीच्या जिवावर जगतेस होय गं? पण दादा भलतंच बोलला.

"अगं वेडे, तुझी आई ते पैसे खर्च करते असं वाटतं की काय तुला?" तो भाचीला म्हणाला. "माझ्या एका गिऱ्हाइकाने अस्संच केलं. पोराकडून दर महिन्याला घ्यायचा, गुपचूप बाजूला ठेवायचा. एक दिवस सगळी रक्कम पोराच्या हातात! पोरगा ढसाढसा रडला. तुझी आई काही कमी हुशार नाही. काय गं, खरं ना?"

भिंगरीने आईकडे पाहिलं. "खरंच?"

आता इथे बाईने एक शब्द बोलायचा होता: नाही. पण भाऊ समोर बसलेला, त्याच्या डोळ्यांत बहिणीचं कौतुक मावत नव्हतं, आणि असं कौतुक तिच्या वाट्याला कित्येक वर्षांत आलं नव्हतं. ती केकवरचा चाकू पुसत म्हणाली, "बघू."

बघू! या शब्दाने आजवर कोणाचं भलं केलंय?

पुढच्याच महिन्यापासून भिंगरी बदलली. पैसे आईच्या हातात यायचे बंद झाले. पगाराच्या संध्याकाळी फ्रिजवर नोटा आणि त्यावर मीठदाणी, बस. बाथरूमचा दिवा रात्रभर जळला तरी तिने हाक मारली नाही. जेवायला कधी असायची, कधी नसायची. आणि महिनाभराने चहा पिताना तिने सहज सांगावं तसं सांगितलं, की दुकानात काउंटरवर बसणाऱ्या मैत्रिणीने सायकल दुरुस्तीवाल्याच्या वरची रूम घेतलीय, तिची जोडीदारीण सोडून चाललीय, आणि एकटीला भाडं झेपणार नाही.

"मला विचारतेय ती. डिपॉझिटही अर्धंअर्धं करू म्हणते."

"मग? तू काय म्हणालीस?"

"विचार करते म्हटलं." भिंगरीने कप विसळला. "तुला तसाही काय फरक पडणार आहे!"

ती कामाला निघून गेली आणि आई ओट्याला टेकून उभी राहिली. पोरगी चालली, हे एक. आणि जाताना डिपॉझिटसाठी ती ठेवलेले पैसे मागणार, हे दुसरं. तोंडाने मागत नाही, फुगून मागतेय. अकरा महिन्यांचे पैसे! आणि घरात तर त्यातली एक दमडी शिल्लक नव्हती. हे कळलं की ती जाईल ती कायमचीच जाईल. आईने खाल्ले आणि वर 'बघू' म्हणाली, असं मनात धरून जाईल. आईची पाचावर धारण बसली.

माणूस घाबरला की सरळ रस्ता सोडून आडवाटेला लागतो. ही लाँड्रीतल्या मुकादमाकडे गेली आणि उचल मागितली. पगारातून पुढे कापून घ्यायचे पैसे, तेही थोडेथोडके नाहीत. मुकादम माणूस वाईट नव्हता, पण हिशेबाचा पक्का होता. येत्या महिन्यापासून सहा महिने प्रत्येक रविवारी कामावर यायचं, अशा अटीवर त्याने पैसे दिले. सगळी रक्कम भरली नाही, निम्म्याच्या थोडी वर गेली. उरलेले बँकेत अडकलेत असं सांगायचं तिने ठरवलं. तेही वाक्य तिने दोन दिवस रोलरवर घोकलं. चादरी बिचाऱ्या किती काय ऐकतात.

सुट्टीच्या दिवशी सकाळी भिंगरी टेबलाशी बसून पावाला लोणी लावत होती. आईने पाकीट तिच्यासमोर ठेवलं.

"घे. तुझे आहेत. बाकीचे बँकेत अडकलेत, पुढच्या..."

भिंगरीने पाकिटाला हात लावला नाही. आईला वाटलं होतं पोरगी उडी मारेल, निदान हसेल. पण तिचा चेहरा एकदम पडला आणि डोळे भरून आले.

"म्हणजे तू खरंच ठेवून दिलेस," ती म्हणाली.

"अगं, मग? तुलाच तर..."

"म्हणजे अकरा महिने मी नुसती भातुकली खेळत होते! दुकानात सगळ्यांना सांगत होते, नवे बूट नको, सिनेमा नको, मला घर चालवायचंय म्हणून. आणि तू माझे पैसे घ्यायचीस आणि डब्यात टाकायचीस. लहान पोरीला लाटणं देतात ना, लाट हं बाळा, आणि तिची पोळी कोणी खात नाही. तसं! तिकडे त्या मैत्रिणीला तरी माझं भाडं खरोखर लागणार आहे. म्हणून चाललेय मी."

आई खुर्चीवर बसली. आणि तिच्या तोंडून जे निघालं ते तिने कुठेच घोकलेलं नव्हतं.

"कसला डबा आणि कसलं काय! खाल्ले मी तुझे पैसे! सगळे खाल्ले!"

"काय?"

"गीझर फुकट आला का? तुझी दाढ भरली ती? विजेचं बिल तर एकदाही तुझ्या पैशाशिवाय भरलं नाही. आणि माझी पाठ धरली होती ना, नऊ दिवस घरी होते, त्याचा पगार कुठे मिळाला मला? त्या महिन्यात आपण दोघी तुझंच जेवलो. भाडंसुद्धा अर्धं तुझं गेलं. एक दमडी ठेवली नाही, ठेवण्यासारखी उरलीच नाही कधी!"

"सगळे गेले?"

"सगळे. दादासमोर मला बोलवेना, म्हणून बघू म्हणाले. चुकलं माझं."

भिंगरीने पाकिटाकडे बोट दाखवलं. "मग हे काय आहे?"

"उचल आहे. मुकादमाकडून घेतली."

भिंगरीला हसू फुटलं, आणि हसता हसता ती रडली, आणि रडता रडता तिने लोण्याचा हात डोळ्यांना लावून घेतला, ते वेगळंच. "उचल घेतलीस? मला माझेच खोटे पैसे द्यायला? आई, तू ठार वेडी आहेस!"

"आहे. मग?"

"पाठ धरली तेव्हा मला का नाही सांगितलंस, की माझ्यावर चाललंय म्हणून?"

"लाज वाटत होती गं."

"तुला लाज वाटत होती आणि मी इकडे रडत होते. छान!"

आईचा जीव भांड्यात पडला, पण पुरता नाही. एक गोष्ट राहिली होती आणि ती तिला बोलावीच लागणार होती, कारण या वेळी गप्प बसायचं नाही असं तिने ठरवलं होतं. "हे बघ, तुला त्या रूमवर जायचं असलं तर जा. माझ्या बिलासाठी थांबू नकोस. मी आधी भागवलंय, पुढेही भागवीन." हे म्हणताना तिने टेबलाची कड घट्ट धरली होती.

"जाईन की एक दिवस," भिंगरी म्हणाली. "पण अशी रुसून नाही. आणि इतक्यात नाही. मैत्रिणीला दुसरी कोणीतरी मिळेल, तिच्यामागे दोघीतिघी लागल्यात." मग तिने पावाचा तुकडा तोंडात कोंबला आणि एकदम भुवया चढवल्या. "एक सांग, ती महागडी साबणपावडर कोण आणतं? माझ्या पैशातून?"

"चादरी धुणाऱ्या बाईला चांगली पावडर कळते."

"पुढच्या महिन्यापासून साधी."

"बरं बाई, साधी."

दुपारी मामाचा फोन आला, नव्या शहाणपणासह. आईने त्याला मध्येच थांबवलं. "दादा, ऐक. तुझ्या भाचीचे पैसे मी खर्च केले. पोटभर खाल्ले. आणि ती खूश आहे." मामाने "बरं, बरं" म्हणून फोन ठेवला. मामाच्या कुठल्याच गिऱ्हाइकाने असं काही केलेलं नसावं.

दुसऱ्या दिवशी आईने पाकीट जसंच्या तसं मुकादमाच्या टेबलावर ठेवलं आणि रविवारच्या यादीतून नाव काढायला सांगितलं.

मुकादमाने चष्मा वर सरकवला. "गरज भागली वाटतं, बाई?"

"भागली कुठली! आहे तेवढीच आहे. पण आमच्या घरात कमावणाऱ्या दोघी आहेत."

अकरा महिन्यांत पहिल्यांदाच ती हे कोणासमोर बोलली होती. रोलरवरच्या बायकाही ऐकत होत्या, तरी तिला लाज वाटली नाही.