याडीचं रडणं

कोंडवळला कोणी राहायला येत नसे. एका अंगाला गणपतीच्या देवळाचं गाव, दुसऱ्या अंगाला चौपाटीचं. दोन्हीकडे सुट्टीच्या दिवशी औंढ्याच्या महाशिवरात्रीसारखी रेटारेटी. मधल्या आमच्या तीस घरांवरून गाड्या न थांबता जात. मी मात्र पाच वर्षं तिथे होतो, कारण नोकरीने मला तिथल्या शाळेवर मास्तर करून टाकलं होतं. हिंगोलीकडच्या पुसेगावजवळच्या बंजारा तांड्यावरचा मी, आणि नेमणूक थेट समुद्राला! ती शांतता मला खायला उठायची.

पद्माबाईंच्या पडवीतल्या खोलीत मी राहायचो, त्यांच्याच हातचं जेवायचो. त्यांचा मुलगा देविदास सात वर्षांपूर्वी होडी घेऊन गेला तो परतला नाही. नवरा आधीच गेलेला. बाई कधी रडल्या नाहीत, मुलाचे दिवसही घातले नाहीत. येईल, म्हणायच्या. त्याचा टॉवेल दर आठवड्याला धुऊन दोरीवर टाकायच्या.

माझी बायको शिला आणि तीन वर्षांची मिना तांड्यावर होत्या. आज ना उद्या बदली होणारच, मग बिऱ्हाड कशाला हलवा, असं माझं शहाणपण. पोळ्याला घरी गेलो तर मिना मला बघून दाराआड लपली. तेव्हाच ठरवलं, यंदा जायचंच. आदल्या वर्षी पद्माबाईंना सांगायचं कसं, या भिडेत बदलीच्या अर्जाची तारीख टळली होती. यंदा कागद घेऊन सोमवारी, शेवटच्या तारखेला, स्वतः कचेरीत हजर व्हायचं होतं. याडीचा, म्हणजे माझ्या आईचा, चंदाबाईचा माझ्यावर भरवसा नव्हता. ती हिंगोलीहून तीन एसट्या बदलून शनिवारीच येऊन थडकली.

पद्माबाई कौतुकाने थांब्यावर आल्या होत्या. आरशांचा घागरा सावरत याडी उतरली, आणि मी काही सांगायच्या आत घोटाळा झाला. आमच्या बायका बऱ्याच दिवसांनी भेटल्या की गळ्यात पडून सुरात रडतात. रडता रडताच विचारायचं, कशी आहेस, लेकरं कशी आहेत, घरातलं कोण गेलं. पण ही रीत आपसातली. याडीने पद्माबाईंच्या गळ्यात हात टाकले आणि मोठ्याने सूर लावला.

सगळं गाव धावत आलं. एक जण तर हातातला कोयता तसाच घेऊन आला.

"मास्तर, कोण गेलं?"

"कोणी नाही हो! आमच्यात असंच भेटतात," मी सांगत होतो, पण ऐकतो कोण? धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

"याडी, बस कर. त्या आपल्यातल्या न्हाईत."

ती कुठली थांबते! गोरमाटीत, आमच्या बोलीत, तिचं विचारणं चालूच होतं आणि पद्माबाईंना त्यातलं अक्षर कळत नव्हतं. आधी त्या ताठ उभ्या होत्या. मग त्यांनी याडीच्या पाठीवर हात ठेवला आणि त्यांच्या तोंडून एकदम हाक फुटली, "देविदासा!" त्यानंतर अर्धा तास त्या रडत होत्या आणि याडी त्यांना धरून होती. मीही रडलो, खोटं कशाला बोलू.

जेवायला वाढताना पद्माबाई म्हणाल्या, "मास्तर, सोमवारी सर्वपित्री. देविदासच्या नावानं करायचं म्हणते. भाऊ म्हणून तुम्ही बसाल?"

त्या आत गेल्यावर मी याडीला म्हणालो, "सोमवारी बसलो तर अर्ज गेला."

"जाऊ दे. त्या बाईनं आज पोराला गेला म्हणलं. किती तकलीफ झाली असंल तिला."

"आन् मिना? ती मला वळखत न्हाई."

याडीने माझ्याकडे रोखून पाहिलं. "मग तिला हितं काहून आणत न्हाईस? पाच वर्सं झाली, तू हितून जाऊनच राहिला. येक दिस तरी राहिला का? आपले लोक बैलांवर मीठ लादून मुलूखभर फिरले, पन बायका-लेकरं संगंच असायची. आजा तुझा बिऱ्हाड टाकून कुटं गेला न्हाई."

मी अर्जाचे कागद पुन्हा पेटीत ठेवले.

सोमवारी आंघोळ करून आलो तेव्हा पद्माबाईंनी दोरीवरचा टॉवेल काढून माझ्या हातात दिला. मी अंग पुसलं आणि पाटावर बसलो.

दिवाळीनंतर शिला आणि मिना आल्या. शिला एसटीतून उतरताच पद्माबाईंनी तिच्या गळ्यात पडून सूर लावला, तोही चुकीचा. या वेळी गावातलं कोणी धावलं नाही. जो तो आपल्या दारातून हसत बघत होता. मिना मात्र त्या आवाजाला घाबरली, पळत आली आणि माझ्या पायांआड लपली.