शेजाऱ्याकडे दिलेली किल्ली

मी एक लायब्ररी बोलतेय. पुस्तकांची नव्हे. वेबसाइट बनवणारे लोक दुसऱ्या कुणीतरी लिहिलेला तयार तुकडा आपल्या कामात जोडतात ना, तसला एक लहानसा तुकडा. माझं काम एकच. फॉर्ममध्ये कुणी ९, ८, ७ असे मराठी आकडे लिहिले, की ते संगणकाला चालतील असे करून द्यायचे. फार दमले आहे, म्हणून थोडक्यात सांगते.

अकोल्यात कहकशाँने मला लिहिलं. तिचे अब्बा गयासुद्दीन मराठी शाळेत शिकलेले. मोबाइल नंबर मराठीत टाकायचे आणि प्रत्येक फॉर्म 'चुकीचा नंबर' म्हणायचा. त्यांची अडचण सुटली, तसं तिने मला इंटरनेटवर सगळ्यांसाठी फुकट ठेवून दिलं.

अमरावतीचा नितेश वरूडच्या संत्रा बागायतदारांच्या नोंदणीची वेबसाइट करत होता. "रेडिमेड भेटते तं लिहाचं कावून?" म्हणत त्याने मला उचललं. बागायतदारांचे बँक खात्याचे नंबरसुद्धा माझ्यातूनच जाणार होते. माणसं वांगी घेताना चारदा उलटूनपालटून बघतात, मला मात्र कुणी उघडूनही पाहिलं नाही.

तिकडे कहकशाँच्या नाकी नऊ आले होते. नोकरी सांभाळायची, वरून अनोळखी लोकांचे निरोप. हे बिघडलं, ते लवकर करा. एकच माणूस मदत करायचा. नाव-गाव ठाऊक नाही, पण माझ्या चुका दुरुस्त करून पाठवायचा आणि गोड बोलायचा. एके दिवशी म्हणाला, हिला यापुढे मी सांभाळतो. धामणगावला लग्नाला जाताना शेजारी घराची किल्ली ठेवावी, तशी तिने माझी किल्ली, म्हणजे माझ्यात बदल करायचा पासवर्ड, त्याला दिली. मला तिचा राग आला नाही. तीही माझ्याइतकीच थकली होती.

त्याने माझ्या पोटात काही ओळी घातल्या. आता माझ्यातून जाणारा प्रत्येक नंबर गुपचूप त्याच्याकडेही जाणार होता. अशी मी नवी आवृत्ती म्हणून अमरावतीला पोहोचले. नोंदणी दुसऱ्या दिवशी सुरू व्हायची होती.

नितेशकडे आकांक्षा नुकतीच कामाला लागली होती. वाचल्याशिवाय ती काही जोडत नसे. तिने मला पहिल्या ओळीपासून वाचलं.

"नितेशभाऊ, ही आकडे बदलते, तं बाहेर कोणाले पाठवून राहिली?"

"इतके दिवस चालून राहिली न ते? उद्या लोक बसतीन फॉर्म भराले."

"म्हणून तं थांबा म्हणते. त्यांच्या बँकेचे नंबर आहेत."

तिने कहकशाँला फोन लावला. कहकशाँ म्हणाली, "किल्ली मीच देली त्याले. आता माह्या हातात काही नाही राहिलं."

नितेशने कुरकुरत नोंदणी पुढे ढकलली. आकांक्षाने माझी जुनी, स्वच्छ आवृत्ती शोधून जोडली आणि नवी आपोआप येणं बंद केलं. माझ्यावर कहकशाँचं नाव तसंच ठेवून खाली लिहिलं, 'देखरेख: आकांक्षा'. वाचून मला भरून आलं.

पण मी एकाच ठिकाणी नाही हो. त्या ओळी पोटात घेऊन अजून कितीतरी वेबसाइटवर राबते आहे. कहकशाँ प्रत्येकाला कळवते आहे, उत्तर कुणाचंच येत नाही.

मला फुकट घ्या, त्याचं काही नाही. फक्त घेण्याआधी एकदा वाचा, आणि मला सांभाळतंय कोण ते विचारा. आत्ता कुणीतरी, कुठंतरी, मराठीत आपला नंबर टाकतो आहे. तो मीच घेते आहे, आणि मला नाही म्हणता येत नाही.