गाणारा उशिरा येतो

मी टेप बोलतोय. हो, कॅसेटवाला. हसू नका. चाकणच्या कंपन्यांत माणसं नेणाऱ्या बसगाड्यांत आता जिकडेतिकडे स्क्रीन आले आहेत, त्यांच्यात मी म्हणजे नातवाच्या वर्गात जाऊन बसलेला आजोबा. पण आवाज अजून खणखणीत आहे आणि माझी कुणाबद्दल तक्रार नाही, हे आधीच सांगून टाकतो.

माझी पहिली नोकरी राजगुरुनगरहून चाकणला माणसं कोंबून धावणाऱ्या वडाप जीपमध्ये. तिथे मी लग्नाची गाणी इतकी वाजवली, की मला वाटायचं जगात रोज कुणाचं ना कुणाचं लग्नच असतं. जीप भंगारात गेली आणि मला ज्योतीरामने उचललं.

ज्योतीराम धाराशिवकडचा. अंगाने आडवा, मिशी झुबकेदार, स्वभाव लोण्यासारखा. तेव्हा तो कंपनीच्या पाहुण्यांची गाडी चालवायचा, त्या गाडीत त्याने मला बसवलं. मशीन उभारायला आलेल्या एका इंग्रज साहेबाची त्याने काही आठवडे ने-आण केली. साहेब निघताना आठवण म्हणून एक कॅसेट देऊन गेला. विलायतेतल्या कुठल्याशा जुन्या बँडची. बाजू भरून एकच गाणं!

ज्योतीरामने ती मला भरवली. वाद्यं सुरू झाली. वाजतायत, वाजतायत, पण गाणारा काही येईना. ज्योतीरामला वाटलं माझ्यातच बिघाड आहे. मला उचलून थेट पिंपरीच्या दुरुस्तीवाल्याकडे नेलं. त्याने माझं हेड स्पिरिटने पुसलं, रबरी पट्टा बदलला, कॅसेट लावली आणि दोघं चहा पीत बसले. चहा संपत आला तेव्हा कुठे गाणारा आला.

"भाऊ, टेप ठणठणीत आहे," दुरुस्तीवाला म्हणाला, "गाणाराच उशिरा येतो."

तो आवाज कानावर पडला आणि ज्योतीराम कामातून गेला. इंग्रजीचा एक शब्द कळत नव्हता, पण त्याचं काही अडलं नाही. त्याने त्या गाण्यातून आपला रस्ता काढला. स्टिअरिंगवर बोटं आपटत मला सांगायचा, "हा घाट लागला बघ. आता खालचा गिअर. आता वळण. आता खाली गाव दिसाया लागलं." बँडवाल्यांना तो 'आपली पोरं' म्हणायचा. पोरं एव्हाना पंचाहत्तरीच्या घरात गेली होती. त्यांच्यातला ऑर्गनवाला वारल्याचं मोबाइलवर कळलं त्या दिवशी त्याने मला दिवसभर बंद ठेवलं, आणि घरी केलेल्या शिऱ्यालाही हात लावला नाही, असं दुसऱ्या दिवशी स्वतःच सांगत होता.

पुढे तो कंपनीची बस चालवू लागला. बस बदलली की मलाही काढून नव्या बसमध्ये न्यायचा. रावेतहून सकाळच्या पाळीची माणसं घ्यायची आणि तळवड्यावरून चाकणच्या एमआयडीसीत सोडायची, हे आमचं काम. आता बसभर माणसं होती, पण ज्योतीरामची एक हौस काही पुरी होत नव्हती. हे गाणं कुणीतरी आपल्यासोबत बसून शेवटपर्यंत ऐकावं, एवढीच त्याची हौस. प्रेम एकट्याने किती करायचं?

हौस पुरी न व्हायला कारण सुमनताई. त्या चेकिंग विभागातल्या, पहिल्या सीटवर बसायच्या, आणि बसच्या हेडमास्तरीणच होत्या. त्यांनी कायदा केला होता, की तळवड्यापर्यंत गाणी प्रवाशांच्या पसंतीची, त्यापुढे ड्रायव्हरच्या. प्रवाशांच्या वेळात माझ्या तोंडात एक पोकळ कॅसेट घालायचे, शेपटीला वायर असलेली. वायरचं दुसरं टोक कुणाच्या तरी मोबाइलला. मी नुसताच चावत राहायचो, पोटात काही जात नसे. तळवडे येईपर्यंत सगळे पेंगायला लागायचे, आणि गाणं ऐन रंगात आलं की कंपनीचं गेट यायचं. ज्योतीराम चावी फिरवायचा, गाडी बंद, मीही बंद. उरलेलं गाणं तो रिकाम्या बसमध्ये एकटाच ऐकायचा. त्या वेळी मला त्याची फार दया यायची.

मग कळलं, की बसचा ठेकेदार एक तारखेपासून नवी बस देणार. तिच्यात कॅसेटला तोंडच नाही. शेवटच्या सकाळी ज्योतीरामने माझ्यावरची धूळ दोनदा पुसली.

तळवडे आलं. सुमनताई म्हणाल्या, "ज्योतीरामभाऊ, आज शेवटचं ना? लावा तुमचं ते लांबडं."

त्याने लावलं, आणि थोडं पुढे जातोय तोच म्हाळुंग्याच्या अलीकडे रस्त्यात कंटेनर आडवा. पुढे गाड्या, मागे गाड्या, हॉर्नचा नुसता गोंगाट. पेंगणारी बस टक्क जागी झाली. मी मनातल्या मनात त्या कंटेनरवाल्याला उदंड आयुष्य चिंतलं.

"काका, गाणं कवा चालू व्हायचं?" मागून कुलदीप पुढे आला. हा रावेतच्या जुन्या घरातला, कंपनीत फिटर, गणपतीत पथकात ढोल वाजवणारा.

"चालूच हाय की. घाट चढायलाय."

"कुठं घाट?"

"डोळे मीट, मंग दिसंल."

मध्येच गाणं एकदम शांत झालं. कुलदीपने माझ्या डोक्यावर थाप मारायला हात उचलला, तो ज्योतीरामने मनगटातच धरला. "थांब भावा. वर आलोय. दम खायलाय गाणं."

सगळी बस कान देऊन बसली. आणि मग ड्रम असे कोसळले, की कुलदीप ओरडलाच, "आयला! ह्यो तर आमच्या पथकात पायजे!" त्याने सीटच्या पाठीवर ताल धरला. चुकला. पुन्हा धरला, पुन्हा चुकला. "काका, ह्यो एक ठोका जादा खातोय!"

"खाऊ दे की, त्याच्या घरचा हाय."

बस हसली. तेवढ्यात रस्ता सुटला. ज्योतीरामने गाडी जमेल तितकी हळू हाकली, पण गेट ते गेट, आलंच. गाण्याचा शेवट अजून बाकी होता. सवयीने त्याचा हात चावीवर गेला.

"हात काढा," सुमनताई म्हणाल्या.

"ताई, उशीर झालाय. लेटमार्क लागंल सगळ्यांना."

"बस उशिरा पोचली तर लेटमार्क लागत नाही. आणि बस अजून पोचलीच कुठे? दार उघडलंय का तुम्ही?"

बाहेर वॉचमन काचेवर टकटक करत होता. आत कुणी जागचं हललं नाही. मी माझ्या जुनाट मोटरीत होता नव्हता तेवढा जीव ओतला आणि शेवटचा सूर विरेपर्यंत पट्टी फिरवली. ज्योतीरामने गळ्यातल्या रुमालाने तोंड पुसलं, ते बराच वेळ पुसत राहिला.

"संपलं?" सुमनताईंनी विचारलं.

"संपलं."

"बरं. मग दुसऱ्या बाजूला काय आहे?"

दुसरी बाजू त्याने आजवर लावलीच नव्हती. त्याने दार उघडलं.

आता मी बसमध्ये नसतो. कुलदीपने मला तारा न तोडता अलगद सोडवलं आणि ज्योतीरामच्या खोलीत फळीवर जुन्या बॅटरीला जोडून दिलं. आज गुरुवार, कंपनीला सुट्टी. ज्योतीरामची बायको शालनबाई भजी तळत आहेत. इतकी वर्षं नवऱ्याचं हे खूळ त्यांनी फक्त ऐकून माहीत करून घेतलं होतं. "किती येळ चालतंय हे?" असं विचारून त्यांनी गॅस बारीक केला आणि पाट ओढून बसल्या. सुमनताई डबा घेऊन आल्या आहेत, कुलदीप मांडीवर बोटं वाजवतोय.

जाता जाता एवढंच मागतो. तुमच्या घरातही कुणी आपलं वेड घेऊन एकटंच कोपऱ्यात बसत असेल, तर एकदा त्याच्या शेजारी जाऊन बसा. कळलं नाही तरी चालेल.

आणि आता मला गप्प बसलं पाहिजे. ज्योतीरामने दुसरी बाजू लावली आहे, आणि ऐकायला चौघं आहेत.