रात्रीचा नेम

“त्यांना सांगा, हनुवटी नीट टेकवा म्हणावं,” बाई म्हणाल्या. ‘ते’ हातभर अंतरावर, डोळे तपासायच्या यंत्रासमोरच बसले होते.

टेक्निशियन मुलीने निरोप पोचवला.

“मी बहिरा नाही म्हणून सांगा तिला,” घड्याळजी म्हणाले आणि हनुवटी टेकवली.

नवरा-बायकोचे अबोले तिने पुष्कळ पाहिले होते. हा चांगला मुरलेला होता. डोळ्याचा दाब जास्त, म्हणून घड्याळजींना कित्येक वर्षं रोज झोपताना औषधाचा थेंब लागे, आणि तो बाईच घालत. भांडण कितीही पेटलेलं असो, थेंबाला सुट्टी नसे. नव्या डॉक्टरांना मात्र शंका आली होती: बुबुळावरचा काचेसारखा पडदा जाड असला, तर दाब उगाचच जास्त दिसतो. म्हणून आज जाडी मोजायची होती.

प्रकाशाने मोजणाऱ्या यंत्राने ती भरपूर दाखवली. मग डोळा बधिर करून लेखणीसारखं टोक टेकवलं, तर ते यंत्र म्हणालं, बेताचीच.

“दोन यंत्रं, दोन तोंडं,” बाई खूश झाल्या. “आमच्या घरासारखंच की.”

“निरोगी डोळ्यावर दोघांचं बऱ्यापैकी जमतं, काकू. डोळा कोरडा असला की भांडतात. काकांचा कोरडा आहे.”

डोळ्याला विसावा देऊन तिने तिसऱ्या यंत्रावर मोजलं. जाड. डॉक्टरांनी डोळ्याची नस पाहिली, जुने रिपोर्ट चाळले, आणि थेंब बंद करून टाकले.

आता पेढे मागावेत तर दोघांचे चेहरे उतरलेले. बाई पर्सची चेन उघडत-मिटत राहिल्या. थेंबाने आग होते म्हणून रोज कुरकुरणारे घड्याळजी खाकरले.

“ते लेखणीवालं यंत्र... अगदीच खोटं नसेल ना?”

“खोटं नाही, काका. तुमच्या डोळ्याला लागू पडत नाही, एवढंच.” तिने चिठ्ठी पुढे केली. “कोरडेपणाला हे साधे थेंब दिलेत. तुमचे तुम्हीच घाला, सोपं आहे.”

“त्यांना नाही जमायचं,” बाई घाईने म्हणाल्या. “नेम चुकतो.”

घड्याळजींनी जन्मभर लोकांच्या घड्याळांतल्या केसाएवढ्या स्प्रिंगा चिमट्याने जागच्या जागी बसवल्या होत्या. ते थोडा वेळ स्वतःच्या बोटांकडे पाहत राहिले.

“चुकतो खरा,” ते म्हणाले. मुलीला नव्हे, बायकोला.