थांब म्हणायचं राहिलं

कंपनीत सगळे त्याला उस्ताद म्हणत. तीस वर्षं तो लिफ्ट दुरुस्त करत होता, आणि कुरकुरणाऱ्या लिफ्टचा नुसता आवाज ऐकून बिघाड कुठे आहे ते सांगायचा. मागच्या वर्षी एका उंच इमारतीत काम करताना त्याचा पाय सटकला. कमरेला पट्टा होता म्हणून वाचला. खरचटलंसुद्धा नाही. पण त्या दिवसापासून हातात पाना धरला की बोटं थरथरायची. चार महिने त्याने ते लपवलं, मग साहेबांच्या लक्षात आलं आणि त्यांनी त्याला सुट्टी देऊन समुपदेशक बाईंकडे पाठवलं.

"मला वेड लागलेलं नाही," खुर्चीत बसायच्या आधीच त्याने सांगून टाकलं.

"मलाही नाही," बाई म्हणाल्या. "बसा."

त्याला हसू आलं, आणि तो बसला.

औषधांच्या दुकानावर बाईंच्या दोन खोल्या होत्या. बाहेर एक बाक, आत खुर्च्या आणि खिडकीला जाड पडदा. बावीस वर्षं त्या हे काम करत होत्या. माणसं आधी कामाचा ताण सांगतात, कारण तो सांगायला सोपा असतो, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून त्या घाई करत नसत. घरात कोण कोणाशी काय बोलत नाही, तिकडे त्या हळूहळू वळायच्या.

"पाय सटकला ते घरी कोणाला सांगितलंत का?"

"नाही."

"बायकोला?"

"तिच्या जिवाला कशाला घोर."

दुसऱ्या खेपेला बाईंनी त्याला घरचा अभ्यास दिला. रोज बायकोला एक प्रश्न विचारायचा. भाजी, वीजबिल, मुलीचं कॉलेज, हे सोडून काहीही. ती बोलेल ते ऐकायचं. मध्ये तोंड घालायचं नाही, समजूत काढायची नाही, उपाय सुचवायचा नाही.

"तुम्हाला काही बिघडलेलं दिसलं की तुम्ही हात घालता," बाई म्हणाल्या. "इथे हात खिशात."

पहिल्या दिवशी त्याने विचारलं, "आज दुकानात काय काय झालं?" बायको चष्म्याच्या दुकानात काचा बसवायचं काम करायची. तिने हातातलं ताट खाली ठेवलं आणि त्याच्या कपाळाला हात लावला. "बरं वाटत नाहीये का तुम्हाला?"

हे ऐकून बाई खळखळून हसल्या. पण हळूहळू बायको बोलायला लागली. एक आजोबा दर आठवड्याला चष्मा सरळ करून घ्यायला येतात, चष्मा सरळच असतो, ती तो उगाच दोन मिनिटं हातात धरते आणि परत देते. उस्तादला हे काहीच माहीत नव्हतं. मग एका संध्याकाळी त्यानेही तिला सांगितलं, पाय कसा सटकला, खाली कसा अंधार दिसला. तिने त्याची बोटं आपल्या मुठीत धरून ठेवली. महिनाभरात थरथर बरीच कमी झाली. तो बाईंकडे येताना जिना दोन-दोन पायऱ्या घेत चढायला लागला, आणि खरं सांगायचं तर बाईंनाही आपल्या कामाचं समाधान वाटत होतं.

मग एका रविवारी दुपारी दोघं वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. त्याने त्या दिवसाचा प्रश्न विचारला. तो बाईंनी दिलेला नव्हता, त्याचा त्यालाच सुचला होता.

"माझ्याबद्दल तुझ्या मनात काही राहून गेलंय का?"

तिने चादरीची घडी पुरी केली.

"पाळणा," ती म्हणाली.

चौदा वर्षांपूर्वी त्यांचं दुसरं बाळ सातव्या महिन्यात पोटातच गेलं होतं. ती दवाखान्यात होती. त्याने घरी येऊन पाळणा सुटा केला, झबली-टोपडी पिशवीत भरली आणि सगळं देऊन टाकलं. भिंतीसुद्धा रंगवून घेतल्या. ती घरी आली तेव्हा खोलीत काहीच नव्हतं. तिला त्रास होऊ नये म्हणून आपण दोन दिवस राबलो, असंच तो इतकी वर्षं समजत होता.

"मला एकदा त्या पाळण्याला हात लावायचा होता," ती म्हणाली. "बाकी काही नको होतं. मी घरात पाऊल टाकलं आणि वाटलं, माझ्या पोटात कोणी नव्हतंच. तुम्ही कामाला गेलात. मी लेकीची वेणी घालायला बसले."

तुझ्यासाठीच केलं गं, हे ओठांवर आलं होतं. त्याने ते गिळलं. मध्ये बोलायचं नाही, समजूत काढायची नाही.

"आधी फार राग होता," ती पुढे म्हणाली. "मग तोही संपला. लेक शिकायला बाहेरगावी गेली की ताईकडे कायमचं जायचं, असं मी कधीपासून ठरवलं होतं. ती तर गेलीसुद्धा. सांगायचा धीर होत नव्हता. तुम्ही विचारत गेलात म्हणून आज तोंडातून निघालं."

तो ऐकत राहिला. दोन्ही हात मांडीवर ठेवून, शिकवल्याप्रमाणे, शेवटपर्यंत.

मंगळवारी त्याने हे सगळं बाईंना सांगितलं. सांगून झाल्यावर विचारलं, "मी थांब म्हणायला हवं होतं का? तुम्ही म्हणाला होतात, बोलायचं नाही."

अशा वेळी प्रश्न परत समोरच्याकडे वळवायचा, तुम्हाला काय वाटतं म्हणायचं, हे त्यांच्या अंगवळणी पडलेलं होतं. पण या वेळी त्यांनी तो वळवला नाही.

"मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "ऐकायला शिकवताना मनातलं बोलायचं कधी, हे मी शिकवायला हवं होतं. ते माझ्याकडून राहिलं."

"आता म्हणू?"

"म्हणायचं असेल तर म्हणा. त्या थांबतीलच असं मात्र मी सांगू शकत नाही."

त्याच्या विनंतीवरून बायको एकदा बाईंकडे आली. निळी पर्स मांडीवर घेऊन ताठ बसली. उस्तादने तिच्याकडे तोंड केलं आणि म्हणाला, "थांब. माझं चुकलं. मला तेव्हा कळलंच नाही. तू थांब."

ती रडली. बाईंनी मध्ये पडायचं टाळलं. डोळे पुसून ती म्हणाली, "हे तेव्हा म्हणाला असतात तर मी जन्मभर थांबले असते. आता तुम्ही चांगले वागताय, आणि मला वाईट वाटतंय की मला काहीच वाटत नाहीये. नुसतं तुम्हाला बरं वाटावं म्हणून राहू का?"

त्याने मान हलवली. "नको."

पुढच्या शनिवारी बायकोची ताई गाडी घेऊन आली. त्याने बॅगा स्वतः खाली नेल्या. जड बॅग खाली, हलकी वर, अशी डिकी नीट लावून दिली. बायको म्हणाली, "बीपीच्या गोळ्या वेळेवर घ्या." तो म्हणाला, "हो." गाडी वळली तरी तो फाटकात उभा होता. वॉचमनने शेवटी त्याला आपली खुर्ची दिली.

लेकीला त्यानेच फोन करून सांगितलं. ती खूप बोलली, त्याला बोल लावले, आईलाही लावले. त्याने सगळं ऐकलं, आणि शेवटी म्हणाला, "बाळा, मलाही फार वाईट वाटतंय." बाबांच्या तोंडून असलं वाक्य तिने आजवर ऐकलं नव्हतं. मग दोघंही फोनवरच रडली.

तो अजून दर मंगळवारी बाईंकडे येतो. कामावर रुजू झालाय. बायकोचा कधीमधी फोन येतो, ताईकडचं, नव्या दुकानातलं ती सांगते, आणि वीस-वीस मिनिटं बोलते.

"संसारात एवढं बोललो नव्हतो आम्ही," तो परवा बाईंना म्हणाला. "आधी वाटायचं, बोलता बोलता येईल परत. पण नाही येणार ती. आवाजावरून कळतं. खुशीत असते."

बाईंनी त्याच्या पुढ्यात पाण्याचा पेला सरकवला. तो प्यायला नाही. चेहरा ओंजळीत धरून त्याने रडून घेतलं, आणि पुढचा माणूस बाहेर बाकावर येऊन बसला होता तरी बाईंनी उस्तादला उठायला सांगितलं नाही.