उंबऱ्यावरचं माप

मित्रांनो, मी एक जुनं पितळी माप आहे. माझ्या कडेला मोठा पोचा आहे. त्याची गोष्ट सांगताना आजही माझा जीव खालीवर होतो.

तांबटाने मला घडवलं ते तांदूळ मोजायला. दळवींच्या घरात किती शिजवायचं, हे माझ्यावरून ठरे. म्हणून तर नवी सून घरात येताना मला उजव्या पायाने लवंडते. तांदूळ आत सांडले की बरकत आत आली, आणि घरचं माप यापुढे तिच्या हाती, असा त्याचा अर्थ.

बत्तीस वर्षांपूर्वी वनमाला सून होऊन आली. घाबरल्यामुळे तिचा पाय जरा जोरात लागला. मी खाटेच्या पायावर आपटून उलटा फिरलो आणि दाराबाहेर, चाळीच्या जिन्यावरून तांदूळ सांडत गडगडत गेलो. महिन्याभरात तिच्या नवऱ्याची, दत्तारामची, गिरणी बंद पडली. मग काय, सुनेने लक्ष्मी बाहेर लोटली, हे सगळ्यांच्या तोंडी झालं. वनमालाने ते निमूट गिळलं. पुढे घर मुलुंडला आलं, दिवस पालटले, मी माळ्यावर गेलो. तिची भीती मात्र गेली नाही.

यंदा तिच्या सुशांतचं लग्न झालं. तिने मला माळ्यावरून काढून चिंचेने घासलं. नवी सून गार्गी इमारतीखाली आली असं कळताच वनमालाने गुपचूप माझ्या बुडाला दोन्हीकडून चिकटणारी पट्टी लावली, मला उंबऱ्याच्या लादीवर दाबून बसवलं आणि तांदूळ भरले. मी गडगडू नये म्हणून हो! पण मग मी लवंडणार तरी कसा?

गार्गीने पाय लावला. मी हललो नाही. तिने पुन्हा लावला. बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. वनमाला रडत म्हणाली, की पोरीला मीच अपशकुन केला.

तेव्हा दत्ताराम पुढे आला. "वनू, गिरणीवर बंदची नोटीस आपल्या लग्नाच्या आठ दिवस आधीच लागली होती," तो मान खाली घालून म्हणाला. "सांगितलं असतं तर लग्न मोडलं असतं. नंतर लोक तुला बोलले, तेव्हा माझी जीभ रेटली नाही."

बत्तीस वर्षं! मला त्याचा भयंकर राग आला. नंतर बोलू, एवढंच वनमाला त्याला म्हणाली. मग तिने पट्टी सोलून काढली आणि मला पुन्हा उंबऱ्यावर ठेवलं.

"लाव गो पाय," ती गार्गीला म्हणाली. "जाता थंय जांव दे." मी जाईन तिकडे मला जाऊ दे, म्हणे!

अर्धे तांदूळ आत सांडले, अर्धे बाहेर. कुणी मोजले नाहीत.

मित्रांनो, मला माळ्यावर टाकू नका. घासूनपुसून जपा, लग्नात हौसेने मांडा. पण मी तांदूळ मोजायला घडलोय. माझ्यावरून कुठल्या पोरीला मोजू नका.